डच म्हातारीचं टोचलेलं नाक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मुलुंड (पूर्व),
संक्रांत, १४ जानेवारी १९८५

ती. अक्का,

नमस्कार. अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. पत्ता मधुकरने दिला. आपल्या मावशीचा मधुकर, तोच. त्याने सांगेपर्यंत मी धरून चालले होते की तू नागपूरकडे कुठेतरी आहेस. आणि तू कांजूरमार्गला! इथून पंधरा मिनिटं. मला भाजी आणायला याहून जास्त वेळ लागतो.

पाकिटात हलव्याचे दाणे घातलेत. पोस्टात चुरा झाला तर साखर म्हणून खा. गोड बोल असं मी तुला म्हणणार नाही. ते म्हणायचा हक्क माझा नाही, हे मला कळतं.

आता कामाचं लिहिते. मी चित्रकला शिकते आहे. हसू नकोस. माझ्या नंदूने कॉलेजात तैलरंगांची पेटी घेतली होती, चार दिवस मिरवली आणि माळ्यावर टाकली. रंगांच्या नळ्या वाळून फुकट जातील, हे मला बघवेना. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या खोलीत वनमालाबाई म्हणून एक आहेत. म्युनिसिपालिटीच्या शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झाल्या. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बायकांना शिकवतात. गुरुवार नाही म्हणून मी हो म्हटलं, गुरुवारी माझी पोथी असते.

त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय काढायचंय? फुलदाणी?" मी पटकन बोलून गेले, "माझी आई."

अक्का, आईचा फोटो नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायची, असं तूच सांगितलंस मला. तिचं आयुष्य फोटोवाचूनच कमी झालं. आमच्या भिंतीवर सासूबाई आहेत, मामंजी आहेत, बाबा आहेत. आई नाही. ती गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, तू तेरा. तिला नीट बघितलेलं माणूस आता तू एकटी उरलीस.

म्हणून विचारते. कपाळ कसं होतं? रुंद की अरुंद? एवढंच कळव, बाकी सवडीने.

तुझी नली


३ फेब्रुवारी १९८५

ती. अक्का,

उत्तर आलं नाही. टपालात हरवलं असेल असं मी मनाशी म्हणते.

वनमालाबाई आईचं चित्र काढू देत नाहीत. म्हणाल्या, "डोळ्यांसमोर नाही ते काढायला निघालात? आधी समोर आहे ते काढून दाखवा." त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक छापील चित्र माझ्यापुढे ठेवलं. रेम्ब्रांट नावाच्या डच चित्रकाराने साडेतीनशे वर्षांपूर्वी काढलेली एक म्हातारी. वय त्र्याऐंशी, ते म्हणे चित्रातच लिहिलेलं आहे. काळे कपडे, डोक्याला पांढरी टोपी आणि गळ्याभोवती चुण्याचुण्यांची पांढरी चकती, चांगली घावनाएवढी. त्यावर ते तोंड ताटात वाढल्यासारखं दिसतं. पण डोळे बघ तिचे. आपल्याकडे बघतच नाही. जरा बाजूला, जरा खाली. काहीतरी आठवायचा प्रयत्न करते आहे आणि घाई नाही.

मी म्हटलं, "बाई, माझी आई तेहतीसची होती हो. ही म्हातारी कशाला?"

"तरुण चेहरा फसवतो," त्या म्हणाल्या. "म्हातारा शिकवतो. हिची एक एक सुरकुती उतरवा, मग बघू."

पद्धत अशी, की छापील चित्रावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच कॅनव्हासवर मोठ्या आखायच्या, आणि एका चौकटीत जे असेल तेवढंच काढायचं. शिवाय चित्र उलटं ठेवायचं, डोकं खाली. सरळ ठेवलं की म्हणे हात नाक, डोळे असं ओळखायला लागतो आणि आपल्या मनाचं काढतो. मी कॅनव्हास घरी आणून उलटाच उभा केला. हे ऑफिसातून आले, चहा घेता घेता बघत राहिले आणि म्हणाले, "पाहुण्या बाई शीर्षासन किती वेळ करणार आहेत?"

कपाळाचं राहू दे. कानाचं सांग. आईच्या कानांची पाळी ओघळलेली होती का? कुड्या जड होत्या एवढं मला कोणीतरी सांगितल्याचं आठवतं.

तुझी नली


१७ मार्च १९८५

ती. अक्का,

माझी फजिती ऐक.

तैलरंगात पहिला थर पातळ, टर्पेंटाइनमध्ये, नुसता तपकिरी. उजेड कुठे, सावली कुठे, एवढंच. तो वाळला की वरचा थर, त्यात थोडं जवसाचं तेल. त्यावरच्यात आणखी थोडं. मी मापं लिहून ठेवली आहेत. गालाला वाटाण्याएवढा पांढरा, तुरीच्या डाळीएवढा पिवळा, मोहरीएवढा तांबडा. तर जवसाचं तेल संपलं. शिंकाळ्यात खोबरेल होतं. तेल ते तेल, आणखी बाटली कशाला आणायची, म्हणून मी दोन्ही गाल खोबरेलात केले.

ते वाळेनात. आठ दिवस झाले, पंधरा झाले. मी खिडकीत ठेवलं, पंख्याखाली ठेवलं, दत्तगुरूंना सांगितलं. तीन आठवड्यांनी बोट लावलं तर म्हातारीचा गाल बोटावर आला. घाबरत घाबरत वनमालाबाईंकडे नेलं. त्यांनी वास घेतला.

"अहो, खोबरेल? हिला वेणीफणी करून लग्नाला न्यायची आहे का?"

सगळा वर्ग हसला. जवस वाळतं, खोबरेल जन्मात वाळत नाही, हे मला काय ठाऊक. फडक्याने गाल पुसून काढले. खालचा तपकिरी थर तेवढा शाबूत राहिला. पुसताना तिचं तोंड गालांवाचून माझ्याकडे बघत होतं, म्हणजे बघत नव्हतंच, नेहमीसारखं बाजूला. मला एकदम रडू आलं. कशाचं ते विचारू नकोस.

तू वाचतेस ना ही पत्रं? जोडाक्षरं तुला अडतात म्हणून मोठं अक्षर काढते. रागाने चुलीत घालत असलीस तरी आधी वाचून मग घाल. तेव्हा जे झालं ते झालं, दोन्हीकडून शब्दाने शब्द वाढला. त्याला आता किती वर्षं धरून बसायचं?

तुझी नली


५ मे १९८५

ती. अक्का,

आज मोठी गोष्ट लिहायची आहे.

शुक्रवारी म्हातारीचं नाक पुरं केलं. बारीक ब्रशने नाकपुडीखालची सावली, नाकाच्या शेंड्यावरचा उजेड. माझ्याच तंद्रीत होते. वनमालाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. चष्मा वर केला, खाली केला.

"नलिनीबाई, ह्या डच बाईचं नाक कोणी टोचलं?"

मी बघितलं. तिच्या उजव्या नाकपुडीवर एक बारीकसा खोलगट ठिपका. भोक बुजल्यावर राहतो तसा, कडेला अगदी केसाएवढा उजेड दिलेला. छापील चित्रात काही नाही. मी भिंग लावून बघितलं, नाही म्हणजे नाहीच. मीच काढला होता, नीट, वेळ घेऊन. आणि मला पत्ता नाही!

बाकीच्या बायका म्हणायला लागल्या, आता हिला नथ घाला, हळदीकुंकवाला बोलवा. पण वनमालाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तीस वर्षं मुलांची चित्रं तपासली. नक्कल करताना हात चुकतो तो उगीच चुकत नाही, ओळखीच्या चेहऱ्याकडे चुकतो. हे नाक तुम्ही फार जवळून पाहिलेलं आहे. मांडीवर निजून खालून बघावं तसं."

अक्का, माझं नाक डावीकडे टोचलेलं. सासूबाईंचं डावीकडे. सगळ्या जगाचं डावीकडे. मग हे कोणाचं? आईचंच ना? माझ्या डोक्याला आठवत नाही ते माझ्या हाताला आठवतं! मी पेढे ठेवले दत्तापुढे. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, आई तेहतीसचीच राहिली, आता तर ती माझ्याहून लहान आहे, आणि तरी मी तिच्या मांडीवर होते हे माझ्या हाताने सांगितलं.

एका शब्दाचं उत्तर दे. आईचं नाक उजवीकडे टोचलेलं होतं. हो की नाही?

तुझी नली


२६ मे १९८५

ती. अक्का,

तुझं कार्ड आलं. पोस्टमनच्या हातातून घेतलं आणि जिन्यातच वाचलं. आता ते पोथीत आहे. तीनच ओळी, पण पाठ झाल्या तरी परत काढून बघते.

"नली गो, उजवीकडचा भोक माजा. सोनारान चुकान टोचल्यान, मगे बुजवून डावीकडे टोचला. आयचा डावीकडेच होता."

अकरा वर्षांनी "गो" ऐकलं.

आता मी खरं लिहिते. मार्चच्या पत्रात मी लिहिलं की शब्दाने शब्द वाढला. खोटं आहे. तू दारात उभी होतीस, हातात पेढ्यांचा पुडा. दुसऱ्या दिवशी रजिस्टर लग्न म्हणून सांगायला आली होतीस. मी तुला आत ये म्हटलं नाही. मी म्हटलं, "एक्केचाळिसाव्या वर्षी ही थेरं? आपल्यातला नव्हे, बिजवर, घरात त्याची मुलगी. आईने हे पाहिलं असतं तर विहीर जवळ केली असती."

तू ओरडली नाहीस. हळू विचारलंस, "नली, तुला आईचा चेहरा तरी आठवतो का?"

आणि मी दार लावलं.

आठवत नव्हता, अक्का. तेव्हाही नव्हता. जिचा चेहरा मला माहीत नाही, तिचं नाव घेऊन मी तुला मारलं. मग इतकी वर्षं तुझा प्रश्न मला पोळी लाटताना ऐकू यायचा. हे चित्रकलेचं सोंग मी आईसाठी घेतलं असं तुला लिहिलं, स्वतःलाही तेच सांगितलं. तुला उत्तर द्यायचं होतं मला. बघ, आठवतो, असं म्हणून चित्र तुझ्यापुढे ठेवायचं होतं.

आणि हात गेला कुठे? तुझ्या नाकाकडे. चौथीतून शाळा सोडून मला मांडीवर घेऊन बसलेल्या पोरीच्या नाकाकडे. मला आईचा चेहरा आहे तो तेवढाच आहे.

म्हातारीचा ठिपका मी पुसलेला नाही. वनमालाबाई म्हणाल्या, नक्कल म्हणून चुकीची आहे, मार्क कापीन. कापू देत.

तुला यायचं नसेल तर मी येऊ का? फक्त ये असं लिही.

नली


१२ सप्टेंबर १९८५

ती. अक्का,

जून गेला, जुलै गेला, श्रावण तर यंदा दोन झाले. तुझं काही नाही. मी खूप लिहिलं का? की खरं लिहिलं तेच लागलं? रोज दुपारी पोस्टमन वर चढतो आणि आमच्या मजल्यावर न थांबता पुढे जातो. त्याच्या चपलांचा आवाज मला आता ओळखता येतो.

गणपती तोंडावर आले, ते गेले की पितृपक्ष. आई सवाष्ण गेली, म्हणून अविधवा नवमीला मी दरवर्षी तिच्या नावाने एक सवाष्ण जेवायला घालते. बाबा गेल्यावर ते बंद करायचं असतं असं भटजी म्हणाले. मी बंद केलं नाही. आईचं माझ्याकडे दुसरं आहे काय? आजवर शेजारच्या सुहासिनीबाई यायच्या.

ह्या वर्षी त्या पाटावर तू बस.

मी जपाला बसले असताना हे सुचलं आणि जप राहूनच गेला. जे लग्न मला नको होतं, त्याच लग्नाने तू आज सवाष्ण आहेस. आईच्या नावाने जेवायला तुझ्याएवढा मान कोणाचा? देवाने मला बरोबर कोपऱ्यात गाठलं. हिरवं लुगडं आणून ठेवलं आहे. ओटी मी भरीन, पाय मी धुवीन. वरणभात, अळूवडी, तांदळाची खीर. अळूवडी तुझ्यासारखी मला अजून जमत नाही.

बरोबर कोणाला आणायचं असेल तर आण. घर मोठं नाही, पण जागा होईल.

वाट बघते.
नली


३ ऑक्टोबर १९८५

अक्का,

काल शुभाचं पत्र आलं. तुझी मुलगी चांगलं लिहिते, अक्षर गोल आहे.

ते गेले. आषाढातच गेले. आणि मी तुला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं, हिरवं लुगडं नेसवते म्हणून लिहिलं. ते पत्र तुला शुभानेच वाचून दाखवलं असेल. कसं वाचलं असेल पोरीने? तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लिहिलंय, "मावशी, तुम्हाला कळवायचं राहिलं, चूक आमची." पहिल्या ओळीतच मला मावशी म्हणाली.

तिने लिहिलंय की माझी पत्रं आली की तू हातातलं काम टाकून बसायचीस आणि ते मोठ्याने वाचायचे. दुखणं वाढलं होतं तरी उठून बसायचे. खोबरेलाचं पत्र त्यांनी तीनदा वाचलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. मे महिन्यात कार्ड त्यांनीच आणून तुझ्या हातात दिलं, म्हणाले, "लिही गं लवकर, ती बिचारी एका भोकात अडकून पडली आहे." आणि माझं येऊ का म्हणून विचारलेलं पत्र आलं, तेव्हा म्हणाले, "मला जरा उभं राहू दे, मग बोलवू. अंथरुणावरून पाहुणीचं स्वागत बरं दिसत नाही."

मी काल सगळ्या पत्रांचे मजकूर आठवून पाहिले. एकातही त्यांना नमस्कार नाही. एवढी पानं लिहिली, म्हातारीच्या टोपीवर लिहिलं, गालाच्या रंगाची मापं लिहिली. आणि ते प्रत्येक पत्र शेवटापर्यंत वाचायचे, "तुझी नली" सुद्धा वाचायचे, आणि घडी घालून ठेवायचे.

सहदेवभावोजींना माझा साष्टांग नमस्कार.

लिहिलं. आता कोण वाचणार ते मला माहीत नाही.

त्या दिवशी तू वर आलीस आणि ते खाली आवारात थांबले होते. हे मी तुला कधी सांगितलं नाही. दार लावून मी गॅलरीत गेले. तिसऱ्या मजल्यावरून मला त्यांचं डोकं दिसलं, मधोमध भांग, काखेत छत्री. तू खाली गेलीस, त्यांनी तुझ्या हातातला पेढ्यांचा पुडा घेतला आणि तुझ्या बाजूने उन्हात छत्री उघडली. छत्रीखाली तुम्ही दोघं दिसेनासे झालात. एवढेच भावोजी मी पाहिले.

शुभा लिहिते की तू नवमीला येणार नाहीस. "आई म्हणते, त्या दिवशी माझं कपाळ तिच्या घरात नको."

ऐक आता. मी एकादश्या मोडत नाही, सोवळ्यात चूक करत नाही, भटजी सांगतील ते ऐकते. पण हे ऐकणार नाही. सुहासिनीबाईंना मी बोलावलं आहे, सवाष्णीचं ताट त्यांचं, ओटी त्यांची, आदल्या दिवशीच सगळी तयारी. नवमीला अकराच्या आत त्यांना जेवू घालते. मग आईच्या नावाचं दुसरं ताट डब्यात भरून मी तुझ्याकडे येते. तू मला कधी काही बघून वाढलंस? तापात वाढलंस, रागात वाढलंस, घरात एकच भाकरी होती तेव्हा वाढलंस. मी तुझं कपाळ बघून डबा परत आणीन होय?

ह्यांना काल सांगितलं. म्हणाले, "ह्या दिवशी असं चालतं का?"

मी म्हटलं, "चालतं."

मग म्हणाले, "मोठा डबा घे. त्या मुलीचंही धर."

रंगांची पेटी घेऊन येते. आईचं आता तुला काही विचारणार नाही. खिडकीजवळ दोन तास बस, मला तुझं चित्र काढायचं आहे. कपाळ जसं दिसेल तसं काढीन, नाकाच्या दोन्ही बाजू काढीन. गप्प बसलीस तरी चालेल, चित्राला गप्पच बसायचं असतं.

आणि भावोजींचा फोटो भिंतीवर असेल, तो खाली काढून ठेव. मी त्यांना वरूनच पाहिलंय. समोरून बघायचंय.

नली